एबेट्स फील्ड आणि जॅकी रॉबिन्सन

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, बेडफर्ड ॲव्हेन्यू आणि सलिव्हन प्लेस हे रस्ते एकमेकांना मिळतात त्या ठिकाणी, आज उंच निवासी इमारतींचा समूह उभा आहे. १९१३ ते १९५७ या काळात याच जागेवर एबेट्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान होते. ‘ब्रुकलिन डॉजर्स’ या संघाचे ते घरचे मैदान. अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात या मैदानाला जे स्थान मिळाले आहे, त्याचे मुख्य कारण म्हणजे १५ एप्रिल १९४७ चा सामना. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांमधून कृष्णवर्णीयांना सुमारे सहा दशके दूर ठेवणारी प्रथा मोडली. ही बंदी कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. संघमालकांनी ती आपसात पाळली होती, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही नव्हती.

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी झाला. पाच भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वडील शेतात वाट्याने काम करीत असत. जॅकी तान्हे असतानाच त्यांनी घर सोडले. त्यानंतर १९२० मध्ये आई मॅली पाचही मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे आल्या आणि लोकांच्या घरी कामे करून त्यांनी संसार चालविला. गोऱ्या लोकांच्या वस्तीत या कुटुंबाने घर घेतले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावण्याचे बरेच प्रयत्न केले. मॅली रॉबिन्सन यांनी मात्र घर सोडले नाही.

थोरले बंधू मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक जेसी ओवेन्स यांना मिळाले होते. ऑलिंपिकवीर म्हणून परतलेल्या मॅक यांना पॅसाडेना नगरपालिकेत रस्ते झाडण्याचे काम मिळाले. पदकाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे धाकट्या भावाने घरातच पाहिले होते.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅकी यांनी बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि ॲथलेटिक्स या चारही क्रीडाप्रकारांत विद्यापीठाच्या संघात स्थान मिळविले. असा मान मिळविणारे ते त्या विद्यापीठाचे पहिलेच विद्यार्थी. गंमतीचा भाग असा की या चारांपैकी बेसबॉलमधील त्यांची कामगिरी सर्वांत सामान्य होती. याच विद्यापीठात रेचेल आयसम यांच्याशी त्यांची ओळख झाली. १० फेब्रुवारी १९४६ रोजी ते दोघे विवाहबद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धात रॉबिन्सन लष्करात दाखल झाले आणि १९४३ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. टेक्सासमधील कॅम्प हूड या छावणीत ६ जुलै १९४४ रोजी ते लष्करी बसमधून प्रवास करीत असताना चालकाने त्यांना मागच्या बाजूला जाऊन बसण्यास सांगितले. रॉबिन्सन यांनी नकार दिला. प्रकरण वाढत गेले आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन तसेच आज्ञाभंग या आरोपांवरून त्यांना लष्करी न्यायालयासमोर उभे करण्यात आले. ऑगस्ट महिन्यात न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि नोव्हेंबरमध्ये ते लष्करातून सन्मानाने बाहेर पडले. पुढे ज्या माणसाकडून जाहीररीत्या गप्प राहण्याची अपेक्षा केली गेली, तो मुळात असा होता, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९४५ मध्ये ते ‘कॅन्सस सिटी मोनार्क्स’ या कृष्णवर्णीयांच्या संघातून खेळू लागले. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र स्पर्धा होत असत. खेळाचा दर्जा उत्तम, परंतु बसमधून अखंड प्रवास, अनिश्चित उत्पन्न आणि वाटेतल्या हॉटेलांमध्ये प्रवेशबंदी, असे ते जीवन होते. डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी आपली माणसे या स्पर्धांकडे पाठविली होती. कृष्णवर्णीयांचा नवा संघ उभारण्याचा विचार असल्याचे वरकरणी सांगण्यात येत होते. २८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकी यांनी रॉबिन्सन यांना ब्रुकलिनच्या माँटेग्यू स्ट्रीटवरील कार्यालयात बोलावून घेतले आणि खरा हेतू सांगितला.

ही भेट सुमारे तीन तास चालली. रिकी हे धार्मिक वृत्तीचे, मद्याला न शिवणारे आणि रविवारी मैदानावर न जाणारे गृहस्थ होते. त्या दिवशी मात्र त्यांनी वर्णद्वेष्ट्या प्रेक्षकाचा, हॉटेलातील कारकुनाचा आणि प्रतिस्पर्धी खेळाडूचा अभिनय करीत रॉबिन्सन यांच्यावर शिव्यांचा भडिमार केला. मैदानावर हे सारे घडणार आहे आणि तरीही हात उचलायचा नाही, उलट उत्तर द्यायचे नाही, ही त्यांची अट होती. एकदा जरी रॉबिन्सन यांचा तोल गेला असता, तरी कृष्णवर्णीयांना संधी देणेच चूक होते असे म्हणायला विरोधक टपलेले होते. रॉबिन्सन यांनी अट मान्य केली. रिकी यांच्या हेतूत न्यायबुद्धी किती आणि तिकीटविक्रीचा व उत्तम खेळाडू स्वस्तात मिळविण्याचा हिशेब किती, यावर आजही वाद होतो. दोन्ही गोष्टी होत्या, असे मानण्यास हरकत नसावी.

१९४६ चा हंगाम त्यांनी डॉजर्सच्या दुय्यम संघातून, कॅनडातील माँट्रियल येथे खेळून काढला. १८ एप्रिल रोजी जर्सी सिटी येथील पहिल्याच सामन्यात त्यांनी चार यशस्वी फटके लगावले. त्या वर्षी फलंदाजीच्या सरासरीत ते त्या स्पर्धेत अव्वल ठरले. माँट्रियलच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. विजेतेपदाच्या अखेरच्या सामन्यानंतर आनंदाने बेभान झालेला गोऱ्या लोकांचा जमाव त्यांच्यामागे रस्त्यातून धावत होता.

ज्या मैदानावर त्यांना यायचे होते, त्याची कथा येथे सांगणे इष्ट ठरेल. ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्यानंतर ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले. शहराचे वेगळेपण गेल्यावर आपला म्हणून जो उरला तो बेसबॉलचा संघ. चार्ल्स एबेट्स हे १८८३ मध्ये या संघाकडे हिशेब ठेवणारे आणि तिकिटे विकणारे नोकर म्हणून आले आणि १८९८ मध्ये अध्यक्ष झाले. जुने लाकडी मैदान अपुरे पडत असल्याने त्यांनी फ्लॅटबुश भागाच्या कडेला ‘पिगटाउन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेवर नजर ठेवली. तेथे कचरा टाकला जाई आणि डुकरे चरत असत. १९०८ पासून एबेट्स यांनी एका वेगळ्या कंपनीच्या नावाने या जागेचे लहान लहान तुकडे गुपचूप विकत घेतले. खरेदीदार कोण हे कळले असते तर भाव भडकले असते. ४ मार्च १९१२ रोजी बांधकामाचा प्रारंभ झाला. खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर्सपर्यंत गेला आणि तो भागविण्यासाठी एबेट्स यांना संघातील अर्धा वाटा एड आणि स्टीव्ह मॅककीव्हर या कंत्राटदार बंधूंना विकावा लागला.

मैदानाच्या प्रवेशद्वाराशी इटालियन संगमरवराचे ८० फूट व्यासाचे गोलाकार दालन होते. फरशीवर बेसबॉलच्या चेंडूवरील शिवणीची नक्षी होती आणि छतावरून लोंबणाऱ्या झुंबराचे बारा हात बॅटच्या आकाराचे होते. दालन देखणे होते, पण सर्व तिकीट खिडक्या तेथेच असल्याने पहिल्या दिवशी प्रचंड कोंडी झाली. ९ एप्रिल १९१३ रोजी पहिला अधिकृत सामना झाला. ध्वजारोहणाच्या वेळी ध्वज आणायचाच राहून गेल्याचे लक्षात आले. वार्ताहरांसाठी कक्ष बांधण्याचा तर आराखड्यातच विसर पडला होता. तो सामना ब्रुकलिनने १-० असा गमावला.

एबेट्स यांचे १८ एप्रिल १९२५ रोजी निधन झाले. थंडी-पावसात झालेल्या त्यांच्या अंत्यविधीला उपस्थित राहिलेले एड मॅककीव्हर आजारी पडले आणि दोन आठवड्यांच्या आतच त्यांचाही मृत्यू झाला. पुढील बराच काळ संघाची स्थिती यथातथाच होती. पण मैदान लहान, प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी जवळ आणि सारेच एकमेकांच्या ओळखीचे, यामुळे एबेट्स फील्डचे वातावरण काही वेगळेच असे. हिल्डा चेस्टर नावाच्या एक बाई प्रेक्षागारात गाईच्या गळ्यातील घंटा वाजवीत बसत. हौशी वादकांचे एक बेसूर पथक पंचांची खिल्ली उडवीत असे. प्रसारणाच्या इतिहासातही या मैदानाची नोंद आहे. प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील सामन्याचे पहिले दूरचित्रवाणी प्रसारण २६ ऑगस्ट १९३९ रोजी येथूनच झाले. त्यावेळी न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणी संच मोजकेच होते.

त्या प्रसारणाचे समालोचक होते रेड बार्बर. मिसिसिपी राज्यात जन्मलेले आणि फ्लोरिडात वाढलेले बार्बर दक्षिणेकडील संस्कारात घडले होते. कृष्णवर्णीय खेळाडू आणण्याचा बेत रिकी यांनी त्यांना आधीच विश्वासात घेऊन सांगितला, तेव्हा नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊन ते घरी गेले. पत्नीने घाई करू नका असे समजावले. विचाराअंती ते या निष्कर्षाला आले की आपले काम मैदानावर घडते ते सांगणे एवढेच आहे. १९४७ च्या हंगामात त्यांनी रॉबिन्सन यांच्या खेळाचे वर्णन इतर कोणत्याही खेळाडूच्या खेळासारखेच केले. त्यांच्या वर्णाचा उल्लेख त्यांनी टाळला. रेडिओवरून ब्रुकलिनच्या घराघरात पोहोचणाऱ्या त्या आवाजाने जे सांगितले नाही, त्याचे मोल मोठे होते.

१९४७ च्या वसंतात डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्याविरोधात अर्ज तयार करण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर यांनी तो हाणून पाडला. ज्यांना खेळायचे नसेल त्यांनी दुसरा संघ शोधावा, असे त्यांनी स्पष्टपणे बजावले. केंटकी या दक्षिणेकडील राज्यातून आलेले पी वी रीस यांनी त्या अर्जावर सही करण्यास नकार दिला होता.

१५ एप्रिल रोजी बोस्टन ब्रेव्हज संघाविरुद्धच्या सामन्याला सुमारे २६ हजार प्रेक्षक आले होते. म्हणजे मैदान पूर्ण भरलेले नव्हते. आलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असल्याचा अंदाज आहे. ४२ क्रमांकाचा गणवेश घातलेले रॉबिन्सन पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणास उभे राहिले. वास्तविक ती त्यांची नेहमीची जागा नव्हती. फलंदाजीत त्या दिवशी त्यांना एकही यशस्वी फटका मारता आला नाही. परंतु सातव्या डावात त्यांनी चेंडू हळूच ढकलून धाव घेतली. तो थांबविताना प्रतिस्पर्ध्याची फेक चुकली आणि पुढच्या फलंदाजाच्या फटक्यावर रॉबिन्सन यांनी आघाडी मिळवून देणारी धाव पूर्ण केली. डॉजर्सनी सामना ५-३ असा जिंकला.

खरी परीक्षा आठवडाभरातच झाली. २२ एप्रिलपासून एबेट्स फील्डवर फिलाडेल्फिया फिलीज संघाबरोबर सामने होते. फिलीजचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू आपल्या बाकावरून रॉबिन्सन यांना सतत अत्यंत हीन भाषेत शिवीगाळ करीत राहिले. आपण त्या दिवशी संयम सोडण्याच्या अगदी काठावर येऊन पोहोचलो होतो, अशी कबुली रॉबिन्सन यांनी पुढे आत्मचरित्रात दिली आहे. ते गप्प राहिले. अखेर त्यांच्या बाजूने तोंड उघडले ते अलाबामात राहणारे सहकारी एडी स्टँकी यांनी. संघ एकत्र आला तो अशा रीतीने. चॅपमन यांच्या वर्तनाचा परिणाम त्यांच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला.

त्या वर्षी धमकीची पत्रे आली, मुद्दाम डोक्याच्या दिशेने चेंडू फेकले गेले, काही शहरांत संघाच्या हॉटेलात त्यांना खोली नाकारण्यात आली. तरीही हंगाम संपला तेव्हा रॉबिन्सन सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले होते. डॉजर्सच्या घरच्या सामन्यांची प्रेक्षकसंख्या त्या वर्षी १८ लाखांवर गेली. जुलै महिन्यात क्लीव्हलँड संघाने लॅरी डोबी यांना घेतले. दार उघडले होते, पण सर्वांनीच त्यातून येण्याची घाई केली नाही. बोस्टन रेड सॉक्स संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो थेट १९५९ मध्ये.

१९४९ हे वर्ष रॉबिन्सन यांच्या खेळाचा कळस ठरले. .३४२ ही सरासरी, म्हणजे दर शंभर प्रयत्नांत चौतीस यशस्वी फटके, त्यांनी राखली आणि स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब मिळविला. बेसवरून पुढच्या बेसकडे निसटून पळण्यात त्यांचा हातखंडा होता. केवळ पाय हलवून ते पिचरची एकाग्रता भंग करीत. गप्प राहण्याचे बंधन आता उरले नव्हते आणि रॉबिन्सन पंचांशी हुज्जत घालू लागले. मुकाट्याने सोसणाऱ्या रॉबिन्सनवर प्रेम करणारे अनेक जण या बोलक्या रॉबिन्सनवर नाराज झाले.

त्याच वर्षी जुलैमध्ये ते अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहातील, राष्ट्रविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे हजर झाले. ख्यातनाम गायक पॉल रोबसन यांच्या सोव्हिएत युनियनविषयीच्या वक्तव्याचे खंडन करण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले होते. रॉबिन्सन यांनी वर्णभेदावरही कठोर टीका केली, परंतु वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली ती रोबसन यांच्यावरील टीकाच. उत्तरायुष्यात रोबसन यांच्याविषयीचा त्यांचा आदर वाढला होता आणि तशी साक्ष आपण पुन्हा दिली नसती, असे त्यांनी नमूद केले आहे.

रॉबिन्सन यांच्या दहा हंगामांत डॉजर्स सहा वेळा विश्वमालिकेत पोहोचले आणि सहाही वेळा समोर न्यूयॉर्क यँकीज हाच संघ होता. ब्रुकलिनला विजय मिळाला तो केवळ एकदा, ४ ऑक्टोबर १९५५ रोजी. तोही यँकीजच्या मैदानावर. पुढच्या वर्षी ९ ऑक्टोबरला एबेट्स फील्डवर दहाव्या डावात रॉबिन्सन यांच्या फटक्याने संघाला १-० असा विजय मिळवून दिला. दुसऱ्याच दिवशी, निर्णायक सामन्यात, यँकीजनी ९-० अशी धूळ चारली आणि अखेरचे बाद झालेले फलंदाज रॉबिन्सन हेच होते. तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी त्यांना जायंट्स या कट्टर प्रतिस्पर्धी संघाच्या हवाली करण्याचा व्यवहार केला, परंतु त्याआधीच त्यांनी निवृत्तीचा आणि एका कॉफी कंपनीत उपाध्यक्षपद स्वीकारण्याचा निर्णय घेतला होता.

मैदानाचेही दिवस भरत आले होते. ३२ हजार प्रेक्षकांची क्षमता, वाहने उभी करण्यास जेमतेम सातशे जागा आणि उपनगरांकडे निघालेला मध्यमवर्ग, यांकडे बोट दाखवून संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली नवे मैदान मागत होते. ॲटलांटिक आणि फ्लॅटबुश ॲव्हेन्यूच्या चौकाजवळची जागा त्यांना हवी होती. शहराच्या बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ती देण्यास नकार देऊन क्वीन्समधील फ्लशिंग मेडोजचा पर्याय पुढे केला. दोष कोणाचा, हा प्रश्न ब्रुकलिनच्या जुन्या रहिवाशांना विचारू नये. ओ'मॅली यांनी १९५६ मध्येच मैदान मार्व्हिन क्रॅटर या बांधकाम व्यावसायिकाला विकले होते. २४ सप्टेंबर १९५७ रोजी झालेल्या अखेरच्या सामन्याला अवघे ६,७०२ प्रेक्षक होते. ऑक्टोबरमध्ये संघ लॉस एंजेलिसला जाणार असल्याचे जाहीर झाले.

२३ फेब्रुवारी १९६० रोजी पाडकाम सुरू झाले. त्यासाठी वापरलेला अवजड लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगविलेला होता. ही कल्पकता अनेकांना रुचली नसावी. मोटार अपघातात पांगळे झालेले माजी खेळाडू रॉय कॅम्पानेला चाकांच्या खुर्चीतून आले होते. १९१३ च्या पहिल्या सामन्यात खेळलेले ऑटो मिलरही उपस्थित होते. हाच गोळा चार वर्षांनी जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावरही चालविण्यात आला. एबेट्स फील्डची कोनशिला कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात गेली, दिव्यांचे मनोरे रँडॉल्स बेटावरील क्रीडांगणात लागले. ध्वजस्तंभ बरीच वर्षे ब्रुकलिनमध्ये इतरत्र होता. २०१२ मध्ये तो ओ'मॅली यांना हव्या असलेल्या जागेसमोरच उभ्या राहिलेल्या बार्कलेज सेंटर या बंदिस्त क्रीडागृहाबाहेर बसविण्यात आला.

रॉबिन्सन यांनी निवृत्तीनंतरची वर्षे नागरी हक्कांच्या चळवळीला दिली. निधी गोळा केला, १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मुलांसह सहभाग घेतला, हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची बँक उभारण्यास मदत केली. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी रिचर्ड निक्सन यांना पाठिंबा दिला आणि त्याबद्दल स्वतःच्या समाजाचा रोषही ओढवून घेतला. १९६२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी जवळजवळ गेली होती. जून १९७१ मध्ये व्हिएतनामहून जखमी होऊन परतलेला, व्यसनातून नुकताच सावरलेला थोरला मुलगा जॅकी ज्युनियर मोटार अपघातात मरण पावला. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे विश्वमालिकेच्या वेळी झालेल्या सत्कारात, एखाद्या संघाचा व्यवस्थापक कृष्णवर्णीय असलेला पाहायला आवडेल, असे त्यांनी बोलून दाखविले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी स्टॅमफर्ड येथे त्यांचे निधन झाले. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये क्लीव्हलँड संघाला मिळाला. जॅकी यांचे दफन ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत मुलाशेजारी करण्यात आले.

१९९७ मध्ये ४२ हा क्रमांक सर्व प्रमुख संघांतून निवृत्त करण्यात आला. २००४ पासून दरवर्षी १५ एप्रिल हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो आणि २००९ पासून त्या दिवशी सर्व खेळाडू ४२ क्रमांकाचा गणवेश घालतात. २००९ मध्येच क्वीन्समध्ये सुरू झालेल्या सिटी फील्ड या मैदानाचे प्रवेशदालन एबेट्स फील्डच्या धर्तीवर बांधले गेले असून त्याला रॉबिन्सन यांचे नाव आहे. हे मैदान मोझेस यांनी ओ'मॅली यांना देऊ केलेल्या परिसरातच आहे.

मूळ जागेवरील इमारतींमध्ये तेराशेहून अधिक सदनिका आहेत. १९६२ मध्ये तेथे रहिवासी येऊ लागले आणि रॉबिन्सन यांच्या निधनाच्या वर्षी या वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले, तरी ब्रुकलिनमध्ये ती एबेट्स फील्ड याच नावाने ओळखली जाते. येथे पूर्वी मैदान होते, अशी नोंद असलेला एक दगड इमारतीच्या भिंतीत बसविलेला आहे. वसाहतीच्या आवारात चेंडू खेळण्यास मनाई करणारी पाटी अनेक वर्षे लावलेली होती.